कायदा, नीती आणि हुकूमशाही : प्रत्यक्षार्थवादी विधिमीमांसेवरील एका आरोपाची छाननी

१. प्रश्नाचे स्वरूप

अन्यायी कायदा हा कायदा या नावास पात्र असतो काय, हा प्रश्न विधिशास्त्रात फार प्राचीन आहे. तथापि दीर्घकाळपर्यंत त्याचे स्थान मुख्यतः तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत होते. १९४५ साली जर्मनीतील नाझी राजवट कोसळली आणि हाच प्रश्न तेथील न्यायालयांपुढे प्रत्यक्ष खटल्यांच्या रूपाने उभा राहिला. ज्याने शेजाऱ्याविरुद्ध चुगली करून त्याला फासावर पोहोचविले, ज्या न्यायाधीशाने ती शिक्षा फर्माविली, ज्या अधिकाऱ्याने ती अमलात आणली, ते सर्व एकच बचाव पुढे करीत होते. आपण केले ते त्या वेळच्या कायद्यानुसार केले, असे त्यांचे म्हणणे होते. हा बचाव मान्य करावा तर घोर अन्यायाला संरक्षण मिळते. अमान्य करावा तर कृत्य घडले तेव्हा जे दंडनीय नव्हते त्याबद्दल आज शिक्षा दिल्यासारखे होते, आणि तेही न्यायाच्या तत्त्वाला सोडूनच आहे.

या पेचातून एक आरोप जन्माला आला. कायद्याचे अस्तित्व आणि कायद्याची नैतिक योग्यता या दोन गोष्टी परस्परांपासून भिन्न मानणारी जी विचारसरणी, म्हणजेच विधिविषयक प्रत्यक्षार्थवाद, तिनेच जर्मन विधिज्ञांना हुकूमशाहीपुढे निःशस्त्र केले, असा तो आरोप होय. आज विधिशास्त्राच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तो सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो. वस्तुतः तो कितपत टिकतो, आणि जेवढा टिकतो तेवढ्यातून काय निष्पन्न होते, हे पाहणे आवश्यक आहे.

२. सिद्धांताचा नेमका आशय

प्रत्यक्षार्थवाद या शब्दाने थोडा गैरसमज होण्याचा संभव आहे. मूळ पाश्चात्त्य संज्ञेतील 'पॉझिटिव्ह' या पदाचा येथील अर्थ 'स्थापित केलेला', 'घालून दिलेला' असा आहे. कायदा हा माणसांनी घालून दिलेला असतो, तो निसर्गात किंवा केवळ सद्विवेकात आयता सापडत नाही, एवढाच या मताचा मूळ आशय. कोणता नियम कायदा आहे हे ठरविण्यासाठी तो कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या रीतीने केला हे पाहावे लागते. तो चांगला आहे की वाईट, हा त्यानंतरचा आणि निराळा प्रश्न होय.

इंग्लंडमध्ये हा विचार जेरेमी बेंथॅम यांनी मांडला आणि जॉन ऑस्टिन यांनी १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याला सुव्यवस्थित रूप दिले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बेंथॅम हे प्रस्थापित कायद्याचे स्तुतिपाठक नव्हते, तर त्याचे कठोर टीकाकार होते. १७७६ साली त्यांनी ब्लॅकस्टन यांच्यावर जो हल्ला चढविला त्याचे कारणच असे होते की, ब्लॅकस्टन हे 'कायदा काय आहे' हे सांगता सांगता 'तो तसाच असणे योग्य आहे' असे भासवीत होते. कायदा आहे कसा आणि तो असावा कसा, यांतील सीमारेषा पुसली गेली की सुधारणेची भाषाच नष्ट होते, अशी बेंथॅम यांची धारणा होती. म्हणजे कायदा आणि नीती यांच्या विभक्तीकरणाचा मूळ हेतू कायद्याला टीकेच्या कक्षेत आणण्याचा होता.

मध्य युरोपात हान्स केल्सेन यांनी याच विचाराला अधिक तर्ककठोर स्वरूप दिले. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या 'शुद्ध विधिसिद्धांत' या ग्रंथात त्यांनी कायद्याचे शास्त्र हे नीतिशास्त्र, राजकारण आणि समाजशास्त्र यांच्या भेसळीपासून मुक्त असावे, असे प्रतिपादन केले. हेच केल्सेन ऑस्ट्रियाच्या १९२० च्या संविधानाचे एक प्रमुख शिल्पकार होते आणि लोकशाहीचे निष्ठावंत समर्थकही होते. अंतिम नैतिक सत्य आपल्याच हाती आहे असे ज्याला वाटत नाही तोच विरोधी मताला अवसर देतो, म्हणून मूल्यसापेक्षता आणि लोकशाही यांचे नाते निकटचे आहे, असे त्यांचे मत होते.

३. राड्ब्रुख यांचा आरोप

वर उल्लेखिलेल्या आरोपाचे सर्वांत वजनदार प्रतिपादक गुस्टाव्ह राड्ब्रुख हे होत. वायमार प्रजासत्ताकाच्या काळात ते न्यायमंत्री होते आणि हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. १९३३ साली नाझी सरकारने त्यांना पदच्युत केले. तत्पूर्वी, १९३२ च्या आपल्या विधितत्त्वज्ञानात, न्यायाधीशाने स्वतःची न्यायबुद्धी बाजूस ठेवून कायद्याची आज्ञा पाळणे हेच त्याचे कर्तव्य होय, अशी भूमिका त्यांनी घेतली होती. बारा वर्षांच्या अनुभवानंतर, १९४६ साली, त्यांनी एका छोट्या पण विलक्षण प्रभावी निबंधात आपले विचार नव्याने मांडले. 'कायदा तो कायदाच' या शिकवणीने जर्मन विधिज्ञांपाशी जुलमी आणि गुन्हेगारी आशयाच्या कायद्यांना तोंड देण्याचे साधनच उरले नाही, असे त्यांनी त्यात म्हटले.

त्याच निबंधात त्यांनी दिलेला निकष आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याचे दोन भाग आहेत. पहिला असा की, कायद्याने मिळणारी निश्चितता ही स्वतःच एक मोलाची गोष्ट असल्यामुळे सामान्यतः अन्यायी कायदाही कायदा म्हणून पाळला जावा. परंतु न्यायाशी त्याचा विरोध जेव्हा असह्य मर्यादेपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याने न्यायापुढे माघार घेतली पाहिजे. दुसरा भाग याहून कडक आहे. जेथे न्यायाचा प्रयत्नच अभिप्रेत नाही, न्यायाचा गाभा जी समता ती जेथे बुद्ध्याच नाकारली आहे, तेथे तो नियम केवळ सदोष कायदा नसून मुळात कायदाच नव्हे.

हा निकष केवळ ग्रंथगत राहिला नाही. बर्लिनची भिंत ओलांडू पाहणाऱ्या नागरिकांवर गोळ्या झाडणाऱ्या पूर्व जर्मन सीमारक्षकांच्या खटल्यांत जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ३ नोव्हेंबर १९९२ रोजी त्याचा आधार घेतला. २४ ऑक्टोबर १९९६ रोजी संघीय संविधान न्यायालयाने त्या दिशेला मान्यता दिली, आणि २२ मार्च २००१ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही, काहीशा निराळ्या कारणांनी, त्या शिक्षा उचलून धरल्या.

४. इतिहासाची साक्ष

राड्ब्रुख यांचा निकष मोलाचा आहे. परंतु त्यांनी केलेले ऐतिहासिक निदान हा वेगळा विषय आहे, आणि त्याची तपासणी घटनांच्या आधारेच करावी लागेल.

पहिला प्रश्न असा की, वायमार काळातील न्यायाधीश खरोखरच कायद्याच्या अक्षराला चिकटून राहणारे होते काय? चलनवाढीच्या संकटात, २८ नोव्हेंबर १९२३ रोजी, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी मार्क आणि सुवर्ण मार्क यांना समान लेखणारे चलनविषयक कायदे सद्भावनेच्या तत्त्वापुढे बाजूस सारले. जानेवारी १९२४ मध्ये त्याच न्यायालयातील न्यायाधीशांच्या संघटनेने, सरकारने याविरुद्ध कायदा केल्यास तो न्यायाधीश जुमानणार नाहीत, असा जाहीर इशारा दिला. धनको वर्गाच्या हितासाठी संसदेच्या कायद्यालाही आव्हान देण्याची वृत्ती त्यांच्या ठिकाणी होती, हे यावरून उघड आहे.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. म्युनिकमधील फसलेल्या उठावाबद्दल ॲडॉल्फ हिटलर याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. तो त्या वेळी ऑस्ट्रियाचा नागरिक होता, आणि अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परकीयाला हद्दपार करावे असे प्रजासत्ताक-संरक्षण कायद्यात स्पष्टपणे म्हटले होते. न्यायालयाने तसे केले नाही. जर्मन म्हणूनच विचार करणाऱ्या आणि जर्मन सैन्यात सेवा बजावलेल्या अशा माणसाला हे कलम लागू करणे त्या कायद्याच्या हेतूस धरून होणार नाही, असे कारण देण्यात आले. येथे न्यायाधीशांनी कायद्याचे अक्षर पाळले असते तर इतिहासाचा ओघ कदाचित निराळा झाला असता. त्यांनी अक्षरापेक्षा 'उच्चतर' अशा राष्ट्रभावनेला प्राधान्य दिले.

दुसरा प्रश्न असा की, नाझी राजवटीने स्वतः कोणत्या विधिविचाराचा पुरस्कार केला? २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाने मूलभूत हक्क स्थगित केले. २३ मार्च रोजी, साम्यवादी सदस्य अटकेमुळे वा परागंदा झाल्यामुळे अनुपस्थित असताना, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंत्रिमंडळाला कायदे करण्याचा अधिकार देण्यात आला. इथवर कायदेशीरपणाचा देखावा शिल्लक होता. जून १९३४ च्या अखेरीस हिटलरने आपल्याच पक्षातील आणि पक्षाबाहेरील विरोधकांच्या हत्या घडविल्या. ३ जुलै रोजी एका कलमाच्या कायद्याने त्या हत्या राज्याचे आत्मसंरक्षण म्हणून पश्चात् वैध ठरविण्यात आल्या. त्यावर कार्ल श्मिट यांनी लेख लिहून, खरा नेता हाच खरा न्यायाधीश असतो, असे समर्थन केले. २८ जून १९३५ रोजी दंडसंहितेत दुरुस्ती करून, ज्या कृत्याला कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही तेही, दंडविधीच्या मूलभूत कल्पनेनुसार आणि 'निकोप लोकभावने'नुसार शिक्षेस पात्र वाटल्यास, दंडनीय ठरविण्याची मुभा न्यायाधीशांना देण्यात आली. ही शिकवण प्रत्यक्षार्थवादाची नव्हे. कायदा आणि नीती यांच्या एकरूपतेची आहे, मात्र ती नीती वंशद्वेषाची होती.

केल्सेन आणि श्मिट या दोघांचे त्या काळातील वाट्यास आलेले भाग्यही या दृष्टीने सूचक आहे. १९३३ साली केल्सेन यांना कोलोन विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. विधिविभागातील सहकाऱ्यांनी त्यांच्या बाजूने सरकारला विनंतिपत्र पाठविले. त्यावर स्वाक्षरी न करणारे एकटे प्राध्यापक म्हणजे कार्ल श्मिट. केल्सेन यांच्यावरील रोषास ते ज्यू वंशाचे होते हे कारण होतेच. परंतु त्यांचा विधिसिद्धांतही नव्या सत्ताधीशांना नकोसा होता.

न्यायदानातील परिणाम पाहावयाचा तर न्यूरेंबर्ग येथील लेओ काट्सेनबर्गर यांचा खटला घ्यावा. ते तेथील ज्यू समाजाचे प्रमुख होते. एका जर्मन युवतीशी संबंध ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. दोघांनीही तो नाकारला होता. १९३५ च्या वंशविषयक कायद्यात या अपराधास कारावासाची शिक्षा होती, देहदंड नव्हता. मार्च १९४२ मध्ये विशेष न्यायालयाचे अध्यक्ष ओस्वाल्ड रोटहाउग यांनी युद्धकाळातील अंधाराचा गैरफायदा घेणाऱ्या समाजकंटकांविषयीचा वटहुकूम त्याला जोडला आणि देहान्ताची शिक्षा दिली. जून १९४२ मध्ये काट्सेनबर्गर यांचा शिरच्छेद झाला. मूळ कायदा अमानुष होताच. पण मृत्युदंड त्याच्या अक्षरातून आला नाही. न्यायाधीशाने तो अर्थ ताणून निर्माण केला. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथील न्यायाधीशांच्या खटल्यात रोटहाउग यांना जन्मठेप झाली.

याच्या उलट बाजूस लोथार क्रायसिग या एका जिल्हा न्यायाधीशाचे उदाहरण आहे. ब्रांडेनबुर्ग येथे ते मनोरुग्णांच्या पालकत्वाचे काम पाहत. आपल्या देखरेखीखालील रुग्णांच्या मृत्यूच्या सूचना एकामागून एक येऊ लागल्या, तेव्हा १९४० साली त्यांनी न्यायमंत्र्यांकडे तक्रार केली आणि या हत्येच्या मोहिमेच्या प्रमुखावर खुनाची फिर्याद दाखल केली. न्यायमंत्र्यांनी त्यांना हिटलरच्या १ सप्टेंबर १९३९ या तारखेच्या खाजगी कागदावरील आज्ञापत्राची प्रत दाखविली. हा कायदा नव्हे, यातून कोणताही अधिकार निर्माण होत नाही, अशी क्रायसिग यांची भूमिका राहिली. नेत्याची इच्छा हाच कायद्याचा उगम हे ज्याला मान्य नाही त्याला न्यायाधीश राहता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले, आणि १९४२ साली त्यांना निवृत्त करण्यात आले. क्रायसिग हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. त्यांच्या धैर्याचा उगम त्यांच्या धर्मनिष्ठेत होता. परंतु त्यांच्या हातातील शस्त्र होते ते प्रत्यक्षार्थवाद्याचेच: हे कोणी केले, कोणत्या अधिकाराने, कोणत्या रीतीने?

१९६८ साली बेर्न्ड ऱ्यूटर्स यांनी नाझी काळातील खाजगी कायद्याच्या अर्थनिर्णयाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्याचाही रोख हाच आहे. जुने कायदे न बदलता, केवळ अमर्याद अर्थविस्ताराने, न्यायालयांनी त्यांत नवा आशय भरला. तात्पर्य, जर्मन न्यायाधीशांचा दोष अतिरिक्त अक्षरनिष्ठेचा होता हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. युद्धोत्तर काळात मात्र ते सोयीचे ठरले. आपण कायद्याचे बांधील होतो, असे सांगितले की वैयक्तिक जबाबदारी एका तत्त्वज्ञानाच्या माथी मारता येत होती.

५. हार्ट आणि फुलर यांचा वाद

इंग्रजी भाषिक जगात या प्रश्नाची चर्चा १९५८ साली हार्वर्ड विधिनियतकालिकाच्या एकाच खंडात एच. एल. ए. हार्ट आणि लॉन फुलर यांनी केली. चर्चेच्या केंद्रस्थानी एक चुगलीचा खटला होता. १९४४ साली रजेवर घरी आलेल्या एका सैनिकाने आपल्या पत्नीजवळ हिटलरविषयी अनादराचे उद्गार काढले. पतीपासून सुटका हवी असलेल्या पत्नीने ते अधिकाऱ्यांना कळविले. त्याला देहदंडाची शिक्षा झाली, पण ती अमलात न आणता त्याला आघाडीवर धाडण्यात आले. १९४९ साली त्या स्त्रीवर बेकायदा स्वातंत्र्यहरणाचा खटला चालला आणि बांबेर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने तिला दोषी ठरविले. न्यायालयाने नाझी कायदाच शून्यवत् ठरविला, अशा समजुतीवर हार्ट यांनी चर्चा केली. १९६० साली एच. ओ. पापे यांनी दाखवून दिले की तसे घडले नव्हते. कायदा औपचारिक दृष्ट्या वैध मानून, त्या स्त्रीने वैयक्तिक हेतूसाठी न्यायालयाचा साधन म्हणून वापर केला, या कारणावर निर्णय आधारलेला होता. हार्ट यांनी पुढे ही दुरुस्ती स्वीकारली.

तपशिलातील या चुकीने हार्ट यांच्या मूळ युक्तिवादाला बाध येत नाही. त्यांच्या मते दोन वाक्यांत फरक आहे: 'हा कायदाच नव्हे' आणि 'हा कायदा आहे, पण तो पाळण्यास अयोग्य इतका दुष्ट आहे'. दुसरे वाक्य अधिक प्रामाणिक असते, कारण ते पेच लपवीत नाही. त्या स्त्रीला शिक्षा करावयाचीच असेल तर उघडपणे पूर्वलक्षी कायदा करावा, म्हणजे एका अनिष्टाच्या निवारणासाठी दुसरे लहान अनिष्ट पत्करीत आहोत याची सर्वांना जाणीव राहील. शिवाय 'कायदा तो कायदाच' या घोषवाक्यात दोष असेल तर तो कायद्याच्या ओळखीत नसून त्याला जोडलेल्या एका गृहीतकात आहे. कायदा म्हटला की त्याच्या आज्ञापालनाचा प्रश्न निकालात निघाला, हे ते गृहीतक. ते प्रत्यक्षार्थवादाचा भाग नव्हे, किंबहुना त्याच्याशी विसंगतच आहे.

फुलर यांचे उत्तर वेगळ्या बाजूने येते. कायद्याच्या आशयातील नीतीपेक्षा कायदा करण्याच्या रीतीतील नीती त्यांना महत्त्वाची वाटते. नियम सर्वसाधारण असावेत, जाहीर असावेत, पूर्वलक्षी नसावेत, सुबोध व सुसंगत असावेत, पाळता येण्याजोगे व स्थिर असावेत, आणि अधिकाऱ्यांनी ते खरोखर पाळावेत, अशा आठ अटी त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडल्या. पश्चात् वैध केलेल्या हत्या, गुप्त आज्ञा, घरात पत्नीशी केलेले बोलणे 'जाहीर' ठरविणारा अर्थ, यांनी भरलेल्या व्यवस्थेला कायदा म्हणावयाचे तरी कशाच्या बळावर, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नात तथ्य आहे. १९४१ साली एर्न्स्ट फ्रेंकेल यांनी नाझी राज्याचे 'द्विविध राज्य' म्हणून जे वर्णन केले ते येथे जुळते. करार आणि मालमत्ता यांचे व्यवहार नियमांनी चालत. परंतु सत्तेची इच्छा होताच कोणतेही प्रकरण नियमांच्या कक्षेतून उचलून मनमानीच्या कक्षेत टाकता येत असे.

तथापि फुलर यांचा युक्तिवाद सर्व प्रकरणांना पुरत नाही. जाहीर, सुबोध, भविष्यलक्षी आणि काटेकोरपणे अमलात आणलेला वंशभेदाचा कायदा असू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील १९५० चा लोकसंख्या-नोंदणी कायदा हे त्याचे उदाहरण. तेथे रीतीची नीती शाबूत राहूनही आशयाचा अन्याय कायम राहतो.

६. भारतीय अनुभव

हा वाद भारतीय वाचकाला परका नाही. आणीबाणीच्या काळात २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने संविधानाच्या अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही अनेक उच्च न्यायालयांनी, स्थानबद्धतेचा आदेश मूळ कायद्याच्या अटींना धरून आहे काय, एवढे तपासण्याचा अधिकार आपणास आहे असे ठरविले. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने हे निर्णय रद्द केले. जीवित आणि स्वातंत्र्य यांचा न्यायालयीन आधार अनुच्छेद २१ मध्येच असल्यामुळे तो स्थगित होताच बंदीला दाद मागता येत नाही, असा बहुमताचा आशय होता. बहुमतात मूळचे पुण्याचे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड हेही होते.

न्या. हंसराज खन्ना यांच्या विरुद्धमताचे दोन पदर आहेत. कायद्याच्या आधारावाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही हे तत्त्व संविधानाच्या आधीपासूनचे आणि कायद्याच्या राज्यात गृहीतच असलेले आहे, हा एक पदर. तो नैसर्गिक कायद्याच्या विचाराला जवळचा वाटतो. दुसरा पदर मात्र शुद्ध विधिनिष्ठ आहे. स्थानबद्धतेचा कायदा स्वतःच काही अटी घालतो, आणि त्या मोडून काढलेला आदेश त्या कायद्याच्याच दृष्टीने आदेश राहत नाही. उच्च न्यायालयांनी मुख्यतः याच मार्गाने जाण्याचा यत्न केला होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ हे आणीबाणीतही स्थगित होऊ शकणार नाहीत अशी तरतूद केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर प्रकरणाचा निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरविला; त्यातील एक प्रमुख निकालपत्र न्या. यशवंत चंद्रचूड यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन प्रश्न परस्परांपासून अलग करता येतात. अमुक नियम कायदा आहे काय, हा पहिला. तो पाळावा काय, हा दुसरा. न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या व्यक्तीने अशा प्रसंगी काय करावे, हा तिसरा. प्रत्यक्षार्थवाद पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. त्याने उरलेल्या दोहोंचेही उत्तर दिले, असे जो मानतो तो त्याचा अनुयायी असो वा विरोधक, सारखीच चूक करतो.

या सिद्धांताची मर्यादाही येथेच आहे. उरलेले दोन प्रश्न निराळे आहेत असे सांगून तो थांबतो, आणि त्या थांबण्याचा आसरा भीरू वा स्वार्थी माणसाला सहज घेता येतो. १९४५ नंतर जर्मनीत तो अनेकांनी घेतला. राड्ब्रुख यांचा निकष अशा माणसाचा आसरा काढून घेतो, म्हणूनच राजवट बदलल्यानंतरच्या न्यायालयांना तो उपयोगी पडला. परंतु राजवट चालू असताना 'उच्चतर न्याया'चा हक्क कोणाच्या हाती जाईल याची शाश्वती त्या निकषात नाही. १९२४ मध्ये म्युनिक येथे आणि १९४२ मध्ये न्यूरेंबर्ग येथे तो कोणाच्या हाती होता हे वर पाहिलेच आहे.

विधिशिक्षणाच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. विद्यार्थ्याला कायद्याचा उगम, अधिकार आणि मर्यादा काटेकोरपणे तपासण्यास शिकविले पाहिजे, कारण मनमानीला पहिला अडथळा तोच असतो. त्याचबरोबर, तपासणीअंती वैध ठरलेल्या कायद्यापुढे आपली सद्बुद्धी गहाण पडत नाही, हेही त्याला शिकविले पाहिजे. क्रायसिग यांच्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. त्यांच्या समकालीन न्यायाधीशांपैकी बहुतेकांच्या ठिकाणी त्यांपैकी एकही नव्हती.